कापणारा कोणी नाही, म्हणून कर नाही असे नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पाच्या समोर उभे राहून इन्कम टॅक्सवर बोलायचे म्हणजे जरा धाडसच आहे. आरतीनंतर प्रसादाची वाट पाहणाऱ्या माणसाला कोणी कराच्या गोष्टी सांगू लागले तर त्याचे तोंड कसे होते, ते मला इथून दिसते आहे. पण कार्यकारिणीने आग्रह केला. म्हणाले, "दर जुलैत अर्धी कॉलनी फॉर्म सोळा घेऊन तुमच्याकडे येते, मग तुम्हीच बोला." मी सी.ए. नाही, वकील नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेला, रुळांवर चालून चालून बूट झिजवणारा रेलपथ विभागातला इंजिनियर आहे. त्यामुळे जे अंगावर पडले, ते पडल्यावर जे शिकलो, तेवढेच सांगणार आहे.

विषय असा की मुलगा किंवा मुलगी इथे आपल्या घरात बसून परदेशातल्या कंपनीचे काम करते. कंपनीचे इथे ऑफिस नाही, पैसे डॉलरमध्ये येतात. त्यावर कर कोणी भरायचा, किती, कधी? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न आपल्या बिलासपूरच्या कॉलनीत कोणाला पडला नसता. तेव्हा परदेशी कंपनीत नोकरी म्हणजे परदेशी जाणे. आता २०२० च्या लॉकडाऊननंतर प्रत्येक गल्लीत एखाददुसरे घर असे आहे की जिथे रात्री अकरा वाजता मुलगा कानाला हेडफोन लावून इंग्रजीत मीटिंग करत असतो.

असेच एक घर माझ्या ताईचे आहे. मेव्हणे गेल्यापासून ताई आणि तिचा मुलगा इथेच भाड्याच्या घरात राहतात. भाच्याला एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीचे सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम मिळाले. महिन्याला रुपयांत साधारण दोन लाख, म्हणजे वर्षाचे चोवीस लाख. आमच्या घराण्यात एवढा आकडा कोणी पाहिला नव्हता. ताईने पेढे वाटले.

त्या दिवाळीत फराळाला बसलो असताना त्याने मला विचारले, "मामा, माझ्या टॅक्सचं काय करायचं?"

मी चकलीचा तुकडा मोडत म्हणालो, "अरे, कंपनी कापत असेल की."

बस्स. एवढेच बोललो. माझ्या ह्या एका वाक्याची किंमत पुढे किती झाली, ते सांगण्यासाठीच आज उभा आहे.

मी असे का बोललो? कारण बावीस वर्षांच्या नोकरीत मी कधी स्वतः कर भरलेलाच नाही. आपण रेल्वेवाले. पगाराचे बिल तयार करणारा बाबू दर महिन्याला कर कापतो, जूनमध्ये फॉर्म सोळा हातात ठेवतो, आपण तो रिटर्नमध्ये उतरवतो आणि म्हणतो, मी टॅक्स भरला. खरे म्हणजे तो आपल्याकडून कापून घेतलेला असतो. त्यामुळे आपल्या डोक्यात कर आणि कपात हे दोन शब्द एकच होऊन बसले आहेत. भाच्यानेही तेच धरले. त्याने मनाशी हिशेब केला की कापले जात नाही, म्हणजे लागत नसेल.

त्यात आणखी एक गोंधळ झाला. अमेरिकेतल्या कंपनीने सुरुवातीला त्याच्याकडून डब्ल्यू-एट बेन नावाचा एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात लिहून द्यायचे असते की मी अमेरिकेचा नागरिक किंवा तिथला रहिवासी नाही. काम भारतात बसून होत असल्याने ते उत्पन्न अमेरिकेतले धरले जात नाही, म्हणून कंपनी तिकडे कर कापत नाही. हे बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की अमेरिकेने हात काढून घेतला. भारताने काढलेला नाही. भाच्याच्या मित्रांनी त्याला सांगितले, "फॉर्म भरला ना? मग सुटलास. डॉलरवर टॅक्स नसतो." हे वाक्य आपल्यापैकीही अनेकांनी ऐकले असेल. ते साफ खोटे आहे.

कायदा काय म्हणतो, ते दोन वाक्यांत सांगतो. जो माणूस आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला, तो कराच्या दृष्टीने भारताचा रहिवासी. आणि कायम इथे राहणाऱ्या रहिवाशाचे जगात कुठूनही आलेले उत्पन्न इथे करपात्र आहे. डॉलर असो, पौंड असो, पैसा परदेशी खात्यात ठेवलेला असो, फरक पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पगाराच्या बाबतीत काम जिथे केले तिथला तो पगार, पैसे देणारा कुठे बसला आहे ते महत्त्वाचे नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात हेच होते. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, आकारणी वर्षाच्या जागी कर वर्ष असा सोपा शब्द आला, पण हे मूळ तत्त्व बदललेले नाही.

आता पुढची कथा. मे २०२५ मध्ये ताईने एक फ्लॅट पाहिला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला छोटी गॅलरी. तिने तुळशीची जागासुद्धा ठरवून टाकली होती. भाचा कर्जासाठी बँकेत गेला. दरमहा दोन लाख खात्यात येतात हे बँकेला दिसत होते. पण बँकेच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, "रिटर्न कुठे आहेत?"

रिटर्न नव्हते. एकही नव्हते.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि काही न बोलता बसून राहिला. दिवाळीचा तो प्रश्न आम्हा दोघांनाही आठवत होता, पण त्याने तो काढला नाही. मला त्याचेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका सी.ए.कडे गेलो. त्यांनी आधी त्याचे करारपत्र मागून घेतले. हा मुद्दा नीट ऐका, कारण पुढचा सगळा हिशेब ह्यावर अवलंबून असतो. परदेशी कंपनीशी नाते दोन प्रकारचे असू शकते. एक, तुम्ही तिचे नोकर आहात. मग मिळते तो पगार. नव्या कर पद्धतीत त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि बाकी सगळ्यावर कर. दोन, तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात, दर महिन्याला बिल पाठवता. मग ते व्यवसायाचे उत्पन्न. ठरावीक व्यवसायांना, ज्यात इंजिनियरिंग, तांत्रिक सल्ला आणि माहिती तंत्रज्ञान येते, एक सोपी सवलत आहे. जुन्या कायद्यात ती कलम ४४ एडीए म्हणून प्रसिद्ध होती. एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा जवळजवळ सगळी रक्कम बँकेतून येत असेल तर ७५ लाखांपर्यंत, तर जमा रकमेचा निम्मा भाग उत्पन्न धरायचा. खर्चाच्या पावत्या दाखवायच्या नाहीत. मात्र खरे उत्पन्न निम्म्यापेक्षा जास्त असेल तर ते दाखवावे.

फरक किती पडतो ते पाहा. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे नव्या पद्धतीचे दर घेऊ. चोवीस लाख पगार असेल तर वजावटीनंतर सव्वातेवीस लाखांवर कर होतो २,८१,२५० रुपये, चार टक्के उपकर धरून २,९२,५००. तेच चोवीस लाख व्यवसायाचे असतील तर उत्पन्न धरले जाते बारा लाख, आणि बारा लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य. आता तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आले तेच त्या मुलांच्या चेहऱ्यावर येते. म्हणून सगळे म्हणतात, मी व्यावसायिक.

पण सी.ए.नी आम्हाला बजावले ते मी तुम्हाला बजावतो. करारावर काय नाव लिहिले आहे एवढ्यावर भागत नाही, नाते काय आहे ते बघितले जाते. कामाचे तास कोण ठरवतो? रजा कोणाकडून मागावी लागते? दुसऱ्याचे काम घेता येते का? कंपनी पगारी सुट्या आणि बोनस देते का? सगळी उत्तरे नोकराची असतील तर निम्म्याची सवलत घेऊन उद्या अडचणीत येऊ नका. भाच्याचा करार तपासला तर तो दर महिन्याला बिल पाठवत होता, दुसरी कामे घेण्याची मोकळीक होती, रजा-बोनस काही नव्हते. म्हणून त्याला ती सवलत लागू झाली.

आणि ज्यांना ती लागू होते त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. त्यांना पी.एफ. नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, कंपनीने उद्या मेल पाठवून काम बंद केले तर दाद मागायला युनियन नाही. आपण रेल्वेवाले पेन्शनवरून भांडतो, पण भांडायला काहीतरी आहे. ह्या मुलांनी वाचलेल्या करातून म्हातारपणाची सोय स्वतः करायची असते.

आता झालेल्या चुकीचा हिशेब. पहिले वर्ष २०२३-२४. जमा चोवीस लाख, उत्पन्न बारा लाख. त्या वर्षी बारा लाखांची सूट नव्हती. कर होत होता ९३,६०० रुपये. ३१ जुलै २०२४ ची मुदत गेली, १५ जानेवारी २०२५ पर्यंत उशिराचे रिटर्न भरता आले असते, तेही गेले. उरला एकच मार्ग, अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे अपडेटेड रिटर्न. जून २०२५ मध्ये ते भरले. आगाऊ कर न भरल्याचे व्याज पंधरा महिन्यांचे, १४,०४०. रिटर्न उशिरा दिल्याचे व्याज अकरा महिन्यांचे, १०,२९६. हप्ता चुकल्याचे ९३६. विलंब शुल्क ५,०००. आणि कर व व्याजाच्या बेरजेवर पंचवीस टक्के जादा कर, २९,७१८. सगळे मिळून १,५३,५९०. म्हणजे ९३,६०० च्या जागी दीड लाखाच्या वर. साठ हजाराला दहा रुपये कमी, एवढा भुर्दंड.

दुसरे वर्ष २०२४-२५. तीच जमा, तीच चूक, आगाऊ कर भरलेला नाही. पण ती तीन महिन्यांत लक्षात आली. कर ८३,२००, व्याज फक्त ३,३२८. चूक एकच, पण एकदा साठ हजार आणि एकदा साडेतीन हजारसुद्धा नाही.

आपल्या रेलपथ विभागात कीमन रोज सकाळी आपला बीट चालतो. सैल झालेली चावी हातोडीने ठोकतो आणि पुढे जातो. त्याला दोन मिनिटे लागतात. तीच चावी कोणी पाहिली नाही तर पुढे काय होते ते इथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगायला नको. कराचे तसेच आहे.

दोन्ही वर्षांचे मिळून २,४०,११८ रुपये भाच्याने भरले. फ्लॅटच्या सुरुवातीच्या रकमेसाठी साठवलेले पैसे होते ते. बँकेने सांगितले की रिटर्न पुरेसे जुने होऊ द्या, मग या. फ्लॅटच्या मालकाला थांबणे शक्य नव्हते, त्याने दुसऱ्याला विकला. ताई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "घर काय, दुसरं मिळेल रे. पण तू कॉलनीभर सगळ्यांचे फॉर्म भरतोस, माझ्या पोराला एकदा बसवून विचारलं असतंस तर..."

तिने वाक्य पुरे केले नाही. मी आज ते तुमच्यापुढे पुरे करतो आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी काही गोष्टी लिहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट आगाऊ कराची. कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त होत असेल तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा. १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत शंभर टक्के. निम्म्याची सवलत घेणाऱ्याला एकच तारीख, १५ मार्च. सप्टेंबरचा हप्ता गणपतीच्या आसपासच येतो, म्हणून लक्षात ठेवायला सोपा आहे. मखराचा खर्च लिहिताना शेजारी हा खर्चही लिहा. माझा साधा उपाय असा की दर महिन्याला पैसे आले की त्यातला ठरलेला भाग वेगळ्या बचत खात्यात टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही. घरातल्या घरात आपणच आपला बिल क्लार्क.

दुसरी गोष्ट, कर शून्य आला तरी रिटर्न भरायचेच. शून्य कर ही सूट आहे, रिटर्नची माफी नाही. आणि बारा लाखांची रेषा बारीक असते. व्यवसायाचे बारा लाख आणि वर बँकेच्या व्याजाचे दहा हजार आले तरी रेषा ओलांडली जाते. तिथे थोडा दिलासा आहे, कर वरच्या दहा हजारांपुरताच राहतो आणि त्यावर उपकर, पण तो भरावा लागतोच.

तिसरी गोष्ट जी.एस.टी.ची. पगार असेल तर त्याचा प्रश्नच नाही. व्यवसाय असेल आणि वर्षाची उलाढाल आपल्या छत्तीसगडसारख्या राज्यात वीस लाखांच्या वर गेली तर नोंदणी करावी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते, तिच्यावर दर शून्य आहे. पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र द्यावे लागते, ज्याला एल.यू.टी. म्हणतात, आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा दाखला जपावा लागतो. दर शून्य असला तरी नोंदणीतून सुटका नाही. भाच्याची ही चूकही सी.ए.नी निस्तरली, त्याचे वेगळे पैसे गेले.

चौथी गोष्ट परदेशी मालमत्तेची. काही कंपन्या पगाराबरोबर आपले शेअर देतात. काही मुले डॉलर परदेशी खात्यातच ठेवतात. रहिवाशाने हे सगळे रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे असते, त्यातून एक पैसा उत्पन्न झालेले नसले तरी. तो तक्ता आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबर असा असतो. सहज किंवा सुगम हे सोपे फॉर्म अशा वेळी चालत नाहीत. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात हे लपवल्याबद्दल दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्या दंडातून वगळले आहे, पण दाखवायचे बंधन राहिलेच आहे.

पाचवी गोष्ट परदेशातून मध्येच आलेल्यांची. समजा तिकडे नोकरीला असलेली मुलगी बाळंतपणासाठी किंवा आईच्या आजारपणासाठी तीन-चार महिने इथे आली आणि इथूनच तिकडचे काम करत राहिली. तेवढ्या काळाचा पगार इथे केलेल्या कामाचा होतो. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. त्यात थोड्या दिवसांच्या मुक्कामाला अटींसह सूट मिळते. इतर अनेक देशांशीही करार आहेत, पण प्रत्येकाचे शब्द वेगळे. अशा वेळी विमानाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा, दिवस मोजायला तेच उपयोगी पडतात. आणि दोन्हीकडे कर कापला गेला असेल तर जिथले रहिवासी आहात तिथे दुसरीकडचा दाखला दाखवून वजावट मागता येते.

ह्यापुढे जाऊन मी सल्ला देत नाही. करारपत्र घेऊन चांगल्या सी.ए.कडे जा. त्यांची फी साठ हजारांपेक्षा नक्कीच कमी असते.

आपण नागपूर, गोंदिया, अकोल्याहून इथे आलो. आपल्या वडीलधाऱ्यांनी इथे क्वार्टरमध्ये आयुष्य काढले आणि निवृत्तीच्या पैशांतून घर बांधले. आपली मुले घरात बसून साता समुद्रापलीकडचे पैसे आणत आहेत, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांना आपला अनुभव पुरणार नाही, कारण आपल्याला कधी स्वतः कर मोजावाच लागला नाही. म्हणून मुलाने प्रश्न विचारला तर माझ्यासारखे चकली मोडत उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर सांगा, "मला माहीत नाही, चल विचारून येऊ." दोघांनी मिळून जा.

भाच्याची दोन रिटर्न आता जमा आहेत, कर्जाची फाईल पुन्हा तयार होते आहे. ताई पुन्हा फ्लॅट बघू लागली आहे. पूर्वेची गॅलरी हवीच असा तिचा हट्ट कायम आहे.

उत्सवातल्या रविवारी सकाळी मी मंडपाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना प्रश्न असतील त्यांनी करारपत्र आणि बँकेचे स्टेटमेंट घेऊन यावे. सी.ए.कडे काय विचारायचे तेवढी यादी मी करून देईन. चहा मंडळाकडून.

गणपती बाप्पा मोरया!